चिऊताईचं लग्न कावळेदादाशी? कार्टूनमधल्या प्राण्यांच्या जोड्यांवर पोरं इतकी का भांडतात, सोप्या भाषेत

रविवारी सकाळचे तर्री पोहे झाले होते, प्लेटी अजून सिंकमध्येच पडल्या होत्या आणि हॉलमधून आवाज चढला. भाची दहावीत, भाचा सातवीत, दोघं सुट्टीचं आमच्याकडे नागपूरला धरमपेठेत राहायला आलेली, आणि भांडणाचा विषय काय तर झूटोपिया या कार्टून सिनेमांतले ससा आणि कोल्हा.

"ते प्रेमात आहेत, दिसून नाही राहिलं का तुले?"

"काही प्रेम-बिम नाही वं ताई, पार्टनर आहेत ते. पोलिसातले."

"पार्टनर असं पाहतात का एकमेकांकडे?"

तेवढ्यात दिवाणावरून आमची आई म्हणाली, "अरे कोल्हा सशाले खाते, तुम्ही लग्न कुठून लावून राहिले त्याचं!" आणि मग तिघंही माझ्याकडे वळले. मावशी, तू सांग.

मी तेव्हा काही सांगितलं नाही कारण मला खरंच धड माहिती नव्हतं. पण पोरीच्या डोळ्यात पाणी आलेलं मी पाहिलं, आणि कार्टूनच्या सशासाठी कुणी उगाच रडत नाही, आत काहीतरी असतं. मग दोन्ही सिनेमे पाहिले, वाचलं, तिच्या मैत्रिणींशी बोलले. त्यातून जे समजलं ते इथे लिहितेय, ज्यांच्या घरात हेच भांडण चालू आहे आणि ज्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही त्यांच्यासाठी.

आधी ज्यांनी पाहिला नाही त्यांना दोन ओळीत सांगते. झूटोपिया नावाचं एक शहर आहे, तिथे माणूस नाहीच, पहिल्या भागात तरी सगळे सस्तन प्राणी, कपडे घालतात, नोकऱ्या करतात, लोकलने फिरतात. ज्यूडी हॉप्स ही ससा जातीतली पहिली पोलीस, निक वाइल्ड हा रस्त्यावर लोकांना गंडवून पोट भरणारा कोल्हा. आधी एकमेकांवर काडीचा विश्वास नाही, मग एक केस सोडवता सोडवता जिवाचे साथीदार होतात. पहिला भाग २०१६ चा, त्याला ऑस्करही मिळालं, दुसरा नोव्हेंबर २०२५ मध्ये आला आणि जुना वाद पुन्हा पेटला की हे दोघं फक्त दोस्त की त्याहून जास्त.

शिप म्हणजे जहाज नाही

पोरं म्हणतात "मी या दोघांना शिप करते". हा शब्द रिलेशनशिपचा शेपटीकडचा तुकडा आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत एक्स-फाइल्स नावाची मालिका सुरू झाली, दोन एजंट, एक बाई एक पुरुष, गूढ केसेस सोडवायचे, आणि पाहणाऱ्यांमध्ये सरळ दोन तट पडले. ज्यांना वाटायचं यांचं जुळावं ते आधी रिलेशनशिपर आणि मग नुसतेच शिपर झाले, आणि ज्यांना वाटायचं नको बाबा, केस सोडवू द्या, ते नोरोमो, म्हणजे नो रोमान्सवाले. भाचा नोरोमो आहे हे त्याला मी सांगितलं तर इतका खूश झाला की विचारू नका, आपल्या बाजूला नाव आहे म्हटल्यावर माणसाला बळ येतंच.

खरं सांगायचं तर आपल्याकडे प्रत्येक खानदानात एक आत्या असते जी लग्नाच्या हॉलमध्ये बसल्या बसल्या दोन अनोळखी पोरापोरींकडे पाहून म्हणते, जोडा शोभतो हो. तीच शिपिंग. फरक एवढाच की आत्या पुढे जाऊन पत्रिका मागते आणि फॅन लोक चित्रं काढतात, गोष्टी लिहितात. अशा गोष्टींना फॅनफिक म्हणतात आणि तो काही फावल्या वेळचा पोरखेळ राहिलेला नाही, आर्काइव्ह ऑफ अवर ओन नावाचा त्यांचा मोठा संग्रह २००९ पासून चालू आहे, तो वाचकांनीच उभा केला, वाचकच चालवतात, आणि २०१९ मध्ये त्याला ह्यूगो हा विज्ञान-कल्पनारम्य साहित्यातला मानाचा पुरस्कार मिळाला.

सातबाऱ्यावर कोणाचं नाव आहे

दुसरा शब्द कॅनन. मूळ चर्चमधला, कोणते ग्रंथ अधिकृत धरायचे ते ठरवणारा. १९११ मध्ये रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका इंग्रज धर्मगुरूने शेरलॉक होम्सच्या कथांचा असा काही अभ्यास मांडला की जणू पोथीच अभ्यासतोय, आणि तिथपासून हा शब्द गोष्टींच्या जगात आला असं धरतात. कॅनन म्हणजे मूळ कृतीत जे आहे ते. हेडकॅनन म्हणजे जे माझ्या डोक्यात आहे ते.

मला हे सातबाऱ्यासारखं वाटतं. सातबारा उताऱ्यावर जे नाव आहे ते आहे, ते कॅनन. पण गावात कुणीही सांगेल की विहिरीजवळचा तो तुकडा खरं तर अमक्याच्या आजोबांनी कसला, झाडं त्यांनीच लावली, त्यांचाच जीव होता त्या जमिनीवर. ते खोटं असतं असं नाही, फक्त उताऱ्यावर नसतं. घरातली अर्धी भांडणं यामुळेच होतात की एक जण उताऱ्याबद्दल बोलतोय आणि दुसरा वहिवाटीबद्दल. भाची म्हणते "ते प्रेमात आहेत", भाचा म्हणतो "कुठे दाखवलंय?" दोघंही बरोबर आहेत आणि दोघंही एकमेकांच्या प्रश्नाचं उत्तर देत नाहीयेत. २०१६ च्या सिनेमात दोघांचं चुंबन नाही, लग्न नाही, कबुली नाही. म्हणजे उताऱ्यावर दोस्तीच आहे. पण प्रेमाला मनाई करणारंही त्यात एक वाक्य नाही.

तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल

आता मुख्य मुद्दा, आणि मला वाटतं सगळा वाद इथे आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा. बाहेरगावच्यांसाठी सांगते, विदर्भात त्या दिवशी पोरं लाकडाचे बैल सजवून आणतात, खाली चार चाकं, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, आणि दोरीने ओढत घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. आमच्या गल्लीत एक पाचेक वर्षांची पोरगी आली, तिच्या बैलाला तिने भावाचा गॉगल लावलेला. मी पुरणपोळी दिली तर तिने आधी बैलाच्या तोंडाला लावली, कान त्याच्या तोंडाशी नेला आणि मला म्हणाली, "काकू, तो म्हणते तूप पाहिजे." मी तूप आणलं. आता तुम्ही मला सांगा ते काय होतं? लाकूड होतंच, पोर ते चाकावर ओढत होती. बैलही होता, त्याला शिंगं होती आणि पोळा होता म्हणूनच तर तो आला होता. आणि माणूसही होता, कारण त्याला आवडनिवड होती. तिन्ही एकाच वेळी, आणि त्या पोरीच्या डोक्यात काहीही गोंधळ नव्हता.

गोष्टीतला प्राणी असाच मिसळलेला असतो, फक्त प्रत्येक लेखक मिसळण्याचं प्रमाण वेगळं ठेवतो. दहावीला चेतनगुणोक्ती अलंकार शिकलो होतो ना आपण, जे माणूस नाही त्याला माणसासारखं वागायला लावणं, तेच हे, पण किती वागायला लावायचं याचं माप बदलतं.

रिचर्ड अ‍ॅडम्सची १९७२ ची वॉटरशिप डाउन ही कादंबरी घ्या. त्यातले ससे बोलतात, त्यांना देव आहे, दंतकथा आहेत, पण ते ससेच आहेत, गवत खातात, बिळात राहतात, आणि त्यांना माद्या हव्या असतात त्या वसाहत टिकवायला. तिथे "यांचं प्रेम आहे का" विचारलं तर उत्तर मिळतं सशाच्या भाषेत, पिल्लं होतील की नाही या भाषेत. किपलिंगचं जंगल बुक १८९४ चं, त्यातलं सिवनीचं रान म्हणजे आपल्या पेंचच्या अंगाचंच, तिथे अस्वल शाळामास्तरासारखं शिकवतं पण वाघ मात्र भुकेला वाघच आहे. आणि दुसऱ्या टोकाला मपेट्स या बाहुल्यांच्या कार्यक्रमातला कर्मिट बेडूक आणि मिस पिगी डुकरीण. ते दोघं बेडूक आणि डुक्कर फक्त दिसायला, बाकी एक घाबरट कलाकार आणि एक हट्टी नटी, त्यामुळे त्यांच्या प्रेमात कुणाला काही खटकलंच नाही कधी. श्रेकमधलं गाढव आणि ड्रॅगनीण तर २००१ मध्ये जुळले आणि २००४ च्या भागात त्यांना उडणारी गाढव-पिल्लं झाली, सगळ्या थेटरने टाळ्या वाजवल्या.

झूटोपियाची गंमत ही की तो या दोन टोकांच्या बरोब्बर मध्ये उभा आहे. ज्यूडीला नोकरी आहे, भाड्याची खोली आहे, स्वप्नं आहेत, म्हणजे माणूस. पण तिला २७५ भावंडं आहेत, म्हणजे ससा. निक टाय लावतो पण लोक त्याला पाहून सावध होतात ते तो कोल्हा आहे म्हणून. सिनेमा आपल्याला कधी हे विसरायला लावतो, कधी मुद्दाम आठवण करून देतो. मग भाची माणसाच्या बाजूने पाहते, तिला दोन मोठी माणसं दिसतात ज्यांनी एकमेकांसाठी जीव धोक्यात घातला. आई प्राण्याच्या बाजूने पाहते, तिला कोल्हा आणि त्याचं जेवण दिसतं. एकच बैल, पण एकीला गॉगल दिसतो आणि एकीला शिंगं.

"पण निसर्गात असं होत नाही ना!"

हा आक्षेप सगळ्यात आधी येतो, आणि शास्त्र म्हणून तो खराच आहे. घोडी आणि गाढव जवळचे नातेवाईक, म्हणून खेचर होतं, तेही घोड्याची ६४ आणि गाढवाची ६२ गुणसूत्रं मिळून ६३ घेऊन जन्मतं आणि बहुतेक वेळा वांझ राहतं. कोल्हा आणि ससा तर फारच लांबचे, कोल्हा कुत्र्याच्या कुळातला, ससा वेगळ्याच गणातला. त्यांचं काही होणं शक्य नाही.

पण मग निसर्गात ससा ट्रॅफिकचं चलान पण फाडत नाही. चलान चाललं, टाय चालला, लोकल चालली, मग फक्त प्रेमापाशी येऊन जीवशास्त्र कसं आठवतं? नियम लावायचा तर सगळीकडे लावा. हे मी भाचीच्या बाजूने बोलतेय असं नाही, जिथे गोष्टीने स्वतःच प्राणीपण घट्ट धरलंय तिथे हा आक्षेप शंभर टक्के लागू पडतो. वॉटरशिप डाउनमधल्या सशाचं कोल्ह्याशी जुळवलं तर ती गोष्टच मोडेल. म्हणजे आधी गोष्टीचं माप पाहायचं आणि मग आक्षेप घ्यायचा.

आणि हा प्रश्न काही आजच्या पोरांनी काढलेला नाही. आपल्या रामटेकच्या डोंगरावर उभं राहून यक्षाने ढगाला निरोप सांगितला असं आपण मानतो, मिराशींसारख्या अभ्यासकांनीही रामगिरी म्हणजे रामटेकच असं मांडलं. त्या मेघदूतात कालिदास सुरुवातीलाच स्वतःवर आक्षेप घेतो, की अरे ढग म्हणजे धूर, उजेड, पाणी आणि वारा यांचा गोळा, तो निरोप कसा नेणार? आणि स्वतःच उत्तर देतो, की प्रेमाने व्याकूळ झालेल्याला सजीव-निर्जीव हा फरकच उरत नाही. आणि पुढे काय करतो, तर वाटेतल्या नद्यांना त्या ढगाच्या प्रेयस्या करून टाकतो! ढग आणि नदी. ससा आणि कोल्हा त्या मानाने किती जवळचे झाले. आणि नल-दमयंतीचं बघा, दमयंती आपल्या विदर्भाची, तिचं जुळवलं कुणी तर एका हंसाने.

इतकंच कशाला, आपण तर खऱ्या प्राण्यांचीसुद्धा जुळवतो. ताडोब्याहून परत आलेल्या माणसाशी पाच मिनिटं बोला, तो माया वाघीण आणि मटकासुराची गोष्ट अशी सांगेल की जणू शेजारचं कुटुंब. प्रत्यक्षात वाघ एकांडा प्राणी, नर-मादी थोडे दिवस एकत्र आणि मग आपापल्या वाटेने, पिल्लं वाघीण एकटी वाढवते. पण जिप्सीतून उतरलेला माणूस संसार पाहून आलेला असतो. आणि राखाडी धनेश पाहिलाय का कधी? नागपुरात जुन्या मोठ्या झाडांवर दिसतो. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, चोच जाईल एवढी फट ठेवते आणि नर तिला तिथून फळं भरवत राहतो. मी एकदा हे पाहत अर्धा तास झाडाखाली उभी होते, मान दुखली तरी हलवेना. ते प्रेम आहे की नुसती प्रजननाची रीत हे धनेशाला विचारता येत नाही, पण पाहणाऱ्याच्या मनात काय होतं ते मला माहिती आहे.

मग इतका जीव का टाकतात

भाचीच्या डोळ्यात पाणी का आलं ते मला यातून कळलं. ज्यूडी घर सोडून शहरात निघते तेव्हा तिचे आईवडील तिला काय देतात, तर कोल्ह्यांवर मारायचा स्प्रे. प्रेमाने देतात, काळजीने देतात. आणि ती, जी म्हणते मला कुणाबद्दल काही वाटत नाही, ती तो कमरेला लावून फिरते, आणि एका क्षणी निक तिच्याकडे झुकतो तेव्हा तिचा हात आपोआप त्या स्प्रेकडे जातो. तो ते पाहतो. सिनेमाचं खरं दुखणं तिथे आहे, लहानपणी घरातून मिळालेला संशय.

आता ज्या पोरापोरींनी घरात ऐकलंय की मैत्री ठेव पण आपल्यातलीच ठेव, डबा कुणासोबत खातेस, आडनाव काय त्यांचं, त्यांना हे दोघं जुळावेत असं पोटातून वाटतं. त्यांच्यासाठी तो रोमान्स म्हणजे स्प्रे फेकून दिल्याचा पुरावा. आपण दीक्षाभूमीच्या शहरात राहतो, बाबासाहेबांनी १९३६ मध्ये छापलेल्या, कधी करू न दिलेल्या त्या भाषणात स्पष्ट लिहिलंय की जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय विवाह. भाचीने ते वाचलेलं नाही, पण तिला जे वाटतंय ते त्याच दिशेचं आहे.

पण इथे एक गोष्ट नीट धरली पाहिजे, नाहीतर घोटाळा होतो. कोल्हा आणि ससा खरोखर वेगळे प्राणी आहेत, कोल्ह्याला सुळे आहेतच. माणसामाणसांत तसं काही नाही, जात ही प्रजाती नाही, ती माणसाने केलेली. म्हणून ही उपमा थोडं अंतर चालते आणि मग तुटते, आणि जो कुणी ती उलटी वापरून म्हणेल की बघा निसर्गातच भेद आहे, त्याला तिथेच थांबवायचं.

एका "लव्ह" वर किती भार

शिपर लोकांचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे पहिल्या सिनेमाच्या शेवटचा गाडीतला संवाद. तो तिला म्हणतो तुझं माझ्यावर लव्ह आहे हे तुला माहितीये, आणि ती थोडं थांबून म्हणते हो, माहितीये. झालं, इथून हजारो चित्रं आणि गोष्टी निघाल्या.

पण लव्ह हा इंग्रजीत सगळ्यांना बसणारा सदरा आहे, आईवर लव्ह, पिझ्झ्यावर लव्ह, नवऱ्यावर लव्ह. मराठीत आपल्याला निवडावं लागतं. माया म्हटलं की मोठ्याने लहानावर केलेली, लळा म्हटलं की सवयीने लागलेला, जिव्हाळा घरातला, आणि प्रेम म्हटलं की लगेच कान टवकारतात. मी भाचा-भाचीला म्हटलं तो संवाद मराठीत करा. भाची म्हणाली, "तुझं प्रेम आहे माझ्यावर." भाचा म्हणाला, "हट्, तो म्हणते तुझा जीव आहे माझ्यावर." दोघांनी एकाच वाक्याचे दोन सिनेमे केले. मला स्वतःला "जीव आहे" जास्त बरोबर वाटतं, कारण आपण बैलावर जीव लावतो, मैत्रिणीवर लावतो आणि नवऱ्यावरही लावतो, दार उघडं राहतं.

ताई म्हटलं की विषय संपला

हे मला लिहिता लिहिता सुचलं आणि मला वाटतं आईला तो सिनेमा वेगळा का दिसला त्याचं उत्तर यात आहे. आपली पहिली प्राणीकथा कोणती? चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं घर शेणाचं. पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं, तो भिजत तिच्या दारात येतो, चिऊताई चिऊताई दार उघड, आणि ती आतून सांगत राहते थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते, थांब, माझ्या बाळाला तीट लावते. आता नीट विचार करा, पावसाची रात्र, दारात भिजलेला तो, आत ती. दुसऱ्या कुठल्या भाषेत असती तर इथे प्रेमकथा व्हायला काहीच हरकत नव्हती. आपल्याकडे का होत नाही? कारण ती चिऊताई आहे आणि तो कावळेदादा.

आपण प्राण्याला गोष्टीत घेतो तेव्हा आधी नात्यात बसवतो. वाघोबा, कोल्होबा, मनीमावशी, हत्तीदादा, ससेभाऊ. त्यामुळे रानातला वाघही घरातला होतो, पोराची भीती जाते, पण त्याच वेळी रोमान्सचं दार आतून कडी लागून बंद होतं. निक आणि ज्यूडीला अशी कडी नाही, नुसतं नाव आणि आडनाव, नात्याची जागा रिकामी. भाची त्या रिकाम्या जागेत वाढलीय, आईच्या डोक्यात मात्र कोल्होबा आणि ससेताई आपोआप तयार होतात, तर ती लग्न कसं लावणार बिचारी.

"दोस्ती काय कमी आहे का?"

हा भाच्याचा आक्षेप, आणि सगळ्या आक्षेपांत मला हाच सगळ्यात वजनदार वाटतो. तो म्हणाला, "मावशी, मुलगा-मुलगी दोस्त दिसले की लोक लगेच चिडवतात. शाळेत माझ्यासोबत पण होते. एका सिनेमात तरी दोस्त राहू द्या ना." सातवीतलं पोर, पण किती खरं बोललं. प्रेम म्हणजे दोस्तीचं प्रमोशन आणि दोस्ती म्हणजे खालचं पद, असं कुणी ठरवलं?

पंचतंत्र उघडलं तर तिथे दोस्तीला किती मोठी जागा आहे. एक अख्खं तंत्र, म्हणजे भाग, मित्र मिळवण्यावर, कावळा, उंदीर, कासव आणि हरिण, चौघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. हरिण जाळ्यात सापडतं तर उंदीर जाळं कुरतडतो. मग कासव पारध्याच्या हाती लागतं, तर हरिण तळ्याकाठी मेल्याचं सोंग घेऊन पडतं, कावळा त्याच्या डोक्यावर बसून टोचल्यासारखं करतो, पारधी कासवाला खाली ठेवून हरणाकडे धावतो, तेवढ्यात उंदीर दोरी कापतो आणि कासव पाण्यात. आणि पहिलंच तंत्र मैत्री तुटण्यावर, पिंगलक सिंह आणि संजीवक बैल, खाणारा आणि खाल्ला जाणारा यांची मैत्री, अगदी झूटोपियासारखी, आणि दमनक नावाचा कोल्हा दोघांचे कान भरून ती मोडतो. शेवटी सिंहाच्या हातून बैल मरतो. वाचताना प्रेमभंगाच्या कुठल्याही गोष्टीइतकंच काळीज तुटतं.

म्हणून शिपर मंडळींना माझं एकच सांगणं, तुम्ही जोडी जुळवा, चित्रं काढा, पण "ते नुसते दोस्त आहेत" यातला नुसते काढून टाका. आणि नोरोमोंना हे, की समोरची पोरगी जेव्हा म्हणते मला इथे प्रेम दिसतं, तेव्हा ती तुमची दोस्ती हिसकावत नाहीये.

"लहान मुलांच्या सिनेमात हे कशाला?"

काही पालक यावरच अडतात, त्यांना थोडक्यात सांगते. परीकथांमध्ये राजकुमार-राजकन्या चालतात, तर प्राण्यांची जोडी म्हणजे काही वेगळं पाप नाही. ज्यूडी आणि निक दोघं कमावते, मोठे, बरोबरीचे आहेत. जिथे पात्र लहान मूल आहे तिथे जोडी लावणं चूकच, आणि समजूतदार फॅन हे स्वतःच म्हणतात, भाचीच्या ग्रुपमध्ये तसा नियमच आहे. आपलं पोर काय वाचतं काय पाहतं त्यावर लक्ष ठेवाच, फॅनफिकमध्ये मोठ्यांसाठीचं लिखाणही असतं आणि त्यावर तशी खूण असते. पण फोन हिसकावण्याआधी तिला त्या जोडीत काय दिसतं ते एकदा विचारून बघा.

मग बनवणारे एकदाचं सांगून का टाकत नाहीत?

कारण न सांगण्यात सगळ्यांचीच सोय आहे. सांगितलं की प्रेम आहे तर अर्धे नाराज, सांगितलं की प्रेम नाही तर उरलेले. आणि एकदा लग्न लावलं की पुढच्या भागात काय दाखवायचं? ओढ गेली की गोष्ट बसते.

कर्मिट आणि मिस पिगीने तर हे कित्येक वर्षं चालवलं. १९८४ च्या त्यांच्या सिनेमात दोघांचं लग्न लागतं, पण ते नाटकातल्या नाटकात, त्यामुळे पिगी म्हणत राहिली लग्न खरं, कर्मिट म्हणत राहिला तो तर अभिनय होता. म्हणजे कॅनन काय यावर खुद्द पात्रांचंच भांडण! आणि २०१५ मध्ये दोघांनी वेगळं होत असल्याचं जाहीर केलं तर त्याच्या जगभर बातम्या झाल्या. बेडूक आणि डुकरिणीच्या काडीमोडाच्या. लोकांना वाईट वाटलं, मनापासून.

त्या रविवारचं राहिलंच. संध्याकाळी लाइट गेली आणि आईने दोघांना जवळ घेऊन एक गोष्ट सांगितली, पंचतंत्रातलीच. एका ऋषीच्या हातात ससाण्याच्या चोचीतून उंदराचं पिल्लू पडतं, तो तिची मुलगी करतो, वाढवतो. लग्नाची झाल्यावर सूर्याला बोलावतो, मुलीला विचारतो हा चालेल का, ती म्हणते फार तापट. मग सूर्याला झाकणारा ढग, तो काळा. ढगाला पळवणारा वारा, तो चंचल. वाऱ्याला अडवणारा डोंगर, तो कठीण. मग डोंगरालाही पोखरणारा उंदीर येतो, आणि त्याला पाहून ती लाजते, म्हणते बाबा, मला उंदीर करा. आईने माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं, की बघ, शेवटी ज्याचं त्याच्याशीच.

अंधारात भाची म्हणाली, "पण आजी, त्या ऋषीनं प्रत्येक वेळी तिलाच विचारलं ना?"

आई थोडा वेळ गप्प बसली. "हो, विचारलं तर."

"आणि ती सूर्याला हो म्हटली असती तर?"

भाचा म्हणाला, "मग उंदीर आणि सूर्य. भल्लं डेंजर शिप आहे वं ताई," आणि लाइट येईपर्यंत तिघंही त्यावरच बोलत बसले.